सहा कैच्यांचं छप्पर

तालुक्याच्या कचेरीतून जो अहवाल वर गेला त्यात असं लिहिलं होतं, की आमच्या गावच्या प्रसूतिगृहाचं छप्पर प्लायवूड वापरल्यामुळे पडलं आणि ते एका अडाणी सुताराच्या हट्टापायी वापरलं गेलं. मी त्या प्रसूतिगृहाची नर्स होते. छप्पर पडलं तेव्हा मी आत होते. त्यामुळे काय घडलं हे सांगण्याचा हक्क अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा मला जास्त आहे, असं मी समजते.

आमचं गाव घोडेगावपासून पाच मैलांवर. नगरला जायचं तर बैलगाडीनं अख्खा दिवस मोडायचा. १९४५ साली एकाच उन्हाळ्यात तीन बाळंतिणी नगरच्या वाटेवर गाडीतच दगावल्या. त्यानंतर गावानं ठरवलं, की आपल्याकडे बाळंतपणाची खोली बांधायची आणि शिकलेली नर्स आणायची. नर्स म्हणून मी आले. मी विधवा, वडील शाळामास्तर. त्यांनी भाऊबंदांची बोलणी खाऊन मला नगरला नर्सिंग शिकायला पाठवलं होतं. सव्वीस वर्षांची होते. पहिलं वर्ष मी मारुतीच्या देवळामागच्या पडवीत बाळंतपणं केली.

खोलीच्या भिंती गावानं स्वतः उभ्या केल्या. दगड नाल्यातला, माती रानातली, हात घरचे. पण भिंती छपराला येऊन पोचल्या आणि काम अडलं. सागवान मिळेना. लढाईनं सगळं लाकूड खाल्लं होतं आणि जे उरलं होतं त्याला परवाना लागे. पंच कमिटीचे प्रमुख आबासाहेब दोनदा नगरला जाऊन रिकाम्या हातानं परत आले. पावसाळा उघड्या भिंतींवर पडला, वरचे दोन थर वाहून गेले आणि लोकांचा धीर सुटायला लागला.

तेव्हा गहिनीनाथ सुतार पुढे आला. पंचेचाळिशीचा, उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. लढाईची चार वर्षं तो नगरच्या छावणीत लष्करी कारखान्यात कामाला होता. तिथं त्यानं सैनिकांच्या बराकी बांधल्या होत्या. तो म्हणाला, "सागवान कशापायी पायजे? बारीक लाकडाच्या कैच्या करू. सांध्यावर प्लायवूड मारू."

कैची म्हणजे छपराचं वजन दोन्ही भिंतींवर उतरवणारा लाकडी त्रिकोण. आमच्याकडे तो जाड सागाचा करत आणि सांध्यात खाचा पाडत. गहिनीनाथाचं म्हणणं असं, की खाच पाडली की लाकूड तिथंच अशक्त होतं. त्यापेक्षा दोन बारीक लाकडं नुसती टेकवायची आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना प्लायवूडची चौकोनी पट्टी सरस लावून खिळ्यांनी ठोकायची. छावणीतल्या लिलावात लष्कराचा काळा शिक्का मारलेले प्लायवूडचे ताव आणि खोक्यांची लाकडं निघत होती. गावानं त्यातली एक खेप घेतली.

तालुक्याहून सुमंत नावाचे ओव्हरसियर बांधकाम बघायला यायचे. त्यांनी ते ताव पाहिले आणि हसले.

"चहाच्या खोक्यांवर दवाखाना उभा करणार काय रे?"

"चहाच्या खोक्याचं न्हाई ह्ये, साहेब," गहिनीनाथ म्हणाला. "त्येचा सरस पान्यात सुटतो. ह्येचा न्हाई सुटत. दावू का?"

त्यानं एक तुकडा कापून माझ्याकडे आणला. मी अवजारं ज्या पातेल्यात उकळत असे त्यातच आम्ही तो टाकला. सकाळपासून दुपारपर्यंत तो उकळत होता. मध्ये दोनदा पाणी आटलं, दोनदा घातलं. बाहेर काढला तेव्हा काळा पडला होता, पण एकही पापुद्रा सुटला नव्हता. गहिनीनाथानं मला काठ दाखवला. एका पापुद्र्याच्या शिरा उभ्या, त्याखालच्याच्या आडव्या, पुन्हा उभ्या. "म्हनून ह्ये चिरत न्हाई. काठापाशी खिळा मारा, तरी फाटत न्हाई. फळी फाटती."

सुमंतांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरही होतं. मी त्यांना त्या गोष्टीसाठी नावं ठेवत नाही. त्यांनी वजन घालून दाखवायला सांगितलं. मग गहिनीनाथानं एक कैची तयार करून दगडी ओट्यांवर उभी केली, आडवी पडू नये म्हणून बाजूनं टेकू दिले, खाली दोरा ताणला आणि वाळूची ओली पोती एकेक करून तिला टांगली. सगळा गाव जमला होता. दहा पोती झाली, चौदा झाली. कैची बोटाच्या पेराएवढी खाली आली आणि थांबली. रात्रभर पोती तशीच ठेवली. सकाळी काढल्यावर ती पुन्हा दोऱ्याला येऊन लागली. सुमंतांनी स्वतः खाली वाकून बघितलं.

"चालेल," ते म्हणाले. "सहा कैच्या कर."

त्या सहांपैकी दोन झाल्या. मग पेरणीची घाई आली, काम महिनाभर थांबलं. उरलेले ताव भिजू नयेत म्हणून आबासाहेबांच्या वखारीत ठेवले होते. जुलैत गहिनीनाथानं ते मागवले तेव्हा गाडीतून जे ताव उतरले त्यांना दोन्ही बाजूंनी तांबडा रंग लावलेला होता.

गहिनीनाथानं एक ताव उचलला, बोटांवर तोलला आणि खाली ठेवला. नखानं रंग खरवडला. एक तुकडा कापून माझ्याकडे घेऊन आला. मी पातेलं चुलीवर ठेवलं. पाण्याला उकळी येऊन मी दुसऱ्या भांड्यातला चहा गाळेपर्यंत त्या तुकड्याचे तीन पापुद्रे तीन दिशांना तरंगायला लागले होते.

आम्ही दोघं ते पातेलं तसंच घेऊन आबासाहेबांच्या ओसरीवर गेलो. ते पान लावत बसले होते.

"ताव बदलल्यात, आबासाहेब," गहिनीनाथ म्हणाला.

"कोन म्हनतं?"

"पानी म्हनतंय. बगा."

आबासाहेबांनी पातेल्यात बघितलं देखील नाही. "प्लायवूड ते प्लायवूड. तुला पायजे हुतं ना प्लायवूड? मग मार की. वर पत्रे हायत. पानी कुटनं येनार हाय?"

"पत्र्याला खिळ्याची भोकं पडत्यात. पाखं गळतं, भिंतीला ओल येती. चार पावसाळं म्हनत न्हाई मी, ह्यो एक पावसाळा न्हाई काढायचं."

"पंधरा ऑगस्टला उघडायचं ठरलंय. स्वराज्य येतंय आनि तू सुट्ट्या पापुद्र्यांचं घेऊन बसलायस. जमत नसंल तर दुसरे सुतार मिळत्यात."

मी मध्ये बोलले. मी म्हटलं, "आबासाहेब, खाली बाळंतीण झोपणार आहे. जुने ताव कुठे गेले तेवढं सांगा."

ते माझ्याकडे बघून फार सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुमी बाळंतपनं बगा. लाकडातलं तुमाला काय कळतं?"

मला लाकडातलं कळत नव्हतं हे खरं. पण पाण्यात टाकलेली वस्तू एक राहिली की तीन झाली, एवढं मला कळत होतं.

सुमंतांना आम्ही तालुक्याला निरोप पाठवला. ते आले, तांबडे ताव लांबून पाहिले आणि आबासाहेबांच्या घरी जेवून गेले. जाताना म्हणाले, "एकदा मंजुरी दिलेली आहे. प्लायवूडच्या कैच्यांना मंजुरी आहे. आता त्यात फाटे फोडू नका." गहिनीनाथानं त्याच दिवशी हत्यारांची पेटी उचलली आणि घरी गेला. नगरहून दोन सुतार आले आणि त्यांनी उरलेल्या चार कैच्या नऊ दिवसांत ठोकल्या.

जुने ताव कुठे गेले ते मला आठवड्याभरात कळलं. आबासाहेबांच्या सुनेला सातवा महिना होता, म्हणून तिला तपासायला मी त्यांच्या नव्या घरी गेले. तिला आडवं करून पोटाला हात लावला आणि सहज वर नजर गेली. वर माळा होता, नवाकोरा. त्याच्या प्रत्येक तावावर लष्कराचा काळा शिक्का होता. रंग लावण्याचीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. आमच्या बायांच्या डोक्यावरचं छप्पर त्या माणसानं उंदरांच्या आणि धुळीच्या आडोशाला लावलं होतं. मी हात सुनेच्या पोटावरून उचलला. ती बिचारी घाबरून म्हणाली, "बाई, उलटं हाय का?" मी तिला म्हटलं, "नाही गं. तुझं सगळं नीट आहे."

मी हे गहिनीनाथाला सांगितलं तेव्हा तो वाकसानं नांगराचं रुमणं, म्हणजे हातात धरायचा दांडा, ताशीत होता. वाकस थांबला. तासलेल्या लाकडावरून त्यानं अंगठा फिरवला. मग म्हणाला, "लोकं म्हननार गहिनीनाथाचं छप्पर. बाई मेली तर गहिनीनाथानं मारली."

दुसऱ्या दिवशी तो गेरू, दोरी आणि करवत घेऊन खोलीवर आला आणि आधी वर चढून उतरला. पूर्वेकडच्या दोन कैच्या त्याच्या हातच्या होत्या. दुसऱ्या कैचीच्या सरळ खाली त्यानं जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ मारली.

"ह्या रेघंच्या पल्याड खाट टाकू नका," तो म्हणाला. "कुनीबी सांगू दे. आनि वरचे आडवे वासे मी हितंच, ह्या कैचीवर आनून तोडलेत. पलीकडलं खाली आलं तर ते ह्येला वढनार न्हाई."

पंधरा ऑगस्टला झेंडा लागला, पेढे वाटले गेले, आबासाहेबांचं भाषण झालं. त्यांना जमिनीवरची रेघ दिसली. ही काय घाण, म्हणून त्यांनी ती गड्याकडून धुवून घेतली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी गेरू भिजवून ती पुन्हा ओढली. कमिटीचा कुणी माणूस आला की रेघ पुसली जायची, तो गेला की मी ती पुन्हा ओढायची. आठ खाटांची खोली, पण मी तीनच खाटा टाकत असे. "नर्सबाईंचं डोकं फिरलंय," असं पारावर बोललं जायचं. आबासाहेबांनी माझ्या बदलीचा अर्जही केला होता. तो मी पुढे स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

पोळा होऊन गेल्यावर सप्टेंबरात सलग चार दिवस झड लागली. आमच्या भागात पाऊस पडला तर असाच मागून पडतो. पश्चिमेकडच्या पत्र्यांतून दुसऱ्याच दिवशी थेंब यायला लागले. तिसऱ्या दिवशी त्या कैच्यांच्या सांध्यांवरचा तांबडा रंग फुगला आणि काठ पुस्तकाच्या पानांसारखे पिसारले. मी आबासाहेबांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साळूबाई आली. वस्तीवरची, पहिलटकरीण, बरोबर सासू कडूबाई. दुपारपर्यंत कळा चांगल्या धरल्या होत्या. बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि तेवढ्यात वर काहीतरी करकरलं. मग खिळे उपटले जातात तसे आवाज, एकामागून एक. मी मान वळवून बघितलं तर तिसरी कैची मधूनच खाली वाकत होती. तिचे दोन्ही पाय भिंतींना बाहेर रेटत होते.

पळता येणं शक्य नव्हतं. डोकं बाहेर आलं होतं, खांदे यायचे होते. मी कडूबाईंना म्हटलं, "हिच्या अंगावर वाका." ती म्हातारी सुनेवर छत्रीसारखी ओणवी झाली. चारही कैच्या एका दमात खाली आल्या. पत्रे, वासे, भिंतीची माती आणि पाणी. रेघेपलीकडची एक भिंत बाहेरच्या अंगाला पडली. धुळीनं आणि पावसानं मला माझे हातही दिसत नव्हते. माझ्या हातात बाळ आलं होतं, एवढं मला कळलं ते त्याच्या उबेवरून. मुलगी होती. ती रडली तेव्हा मी वर बघितलं. आमच्या डोक्यावर छप्पर होतं. रेघेपर्यंत होतं आणि रेघेनंतर आभाळ होतं.

गहिनीनाथ धावत आला तो चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. दारात उभा राहून त्यानं आधी आम्हाला मोजलं. मग तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि पंच्यानं तोंड झाकून घेतलं.

सुमंत दोन दिवसांनी आले. आधी आबासाहेबांच्या ओसरीवर बसून त्यांनी अहवाल लिहिला आणि मग पडलेली खोली बघायला आले. मी हे मनचं सांगत नाही. चहा घेऊन गेलेल्या गड्यानं मला सांगितलं आणि सुमंतांनी स्वतः ते नाकारलं नाही. गहिनीनाथ ढिगाऱ्याजवळ उभा होता. त्यानं पडलेल्या सांध्याची एक पट्टी उचलली आणि बोटांनी तिचे पापुद्रे वेगळे करून सुमंतांपुढे धरले.

"साहेब, ह्ये पडलं. आनि त्ये बगा वर, त्ये उभं हाय. दोन्ही प्लायवूडच. मग पडलं कशानं?"

सुमंतांनी वर बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. तो माणूस मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर मला एवढा संताप आला नसता.

"अहवाल लिहून झालाय," ते म्हणाले.

"मग दुसरा लिवा."

"तसं करता येत नाही."

"का न्हाई येत? मी चुकीची कैची केली तर मोडून दुसरी करतो. लाकडाची करता येती, कागदाची करता येत न्हाई?"

 सुमंत रुमालानं चष्मा पुसत टांग्याकडे गेले.

तो अहवाल त्यांनी बदलला नाही, म्हणून मी माझा लिहिला. घडलं ते सगळं, तारखांनिशी. खाली गावातल्या एकेचाळीस बायांचे अंगठे घेतले. काहींनी नवऱ्याला न विचारता अंगठा दिला, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. तो कागद आम्ही नगरला जिल्हा लोकल बोर्डाकडे पाठवला. पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. नोंद घेतली आहे, असं त्यात होतं.

पण त्या पाच महिन्यांची वाट कडूबाईंनी बघितली नाही. मुलीचं बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हातारी आबासाहेबांच्या अंगणात जाऊन बसली. एकटी. विचारलं तर म्हणाली, "आमचं प्लायवूड न्ह्यायला आलेय." दुपारी आणखी चौघी आल्या. संध्याकाळपर्यंत अंगण भरलं. कुणी आरडाओरडा केला नाही. त्या भाकरी बांधून आल्या होत्या आणि तिथंच सोडून खात होत्या. आबासाहेबांनी आधी दरडावलं, मग समजावलं, मग मागच्या दारानं शेतावर निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको बाहेर आली. बाळंतीण सून आत झोपली होती, म्हणून सासूचा आवाज हळू होता.

"सुताराला बोलवा," ती म्हणाली. "सून दुसऱ्या खोलीत नेते. सगळं काढून न्या. मला त्याच्याखाली झोप लागत न्हाई."

गहिनीनाथ आला. त्यानं एकेक खिळा न वाकवता काढला, एकेक ताव बायांच्या हातात दिला आणि त्या ते डोक्यावर घेऊन गावातून खोलीपर्यंत चालत गेल्या. आबासाहेबांनी तक्रार केली नाही. कशाची करणार होते?

दिवाळीच्या आत भिंत पुन्हा उभी राहिली आणि चार नव्या कैच्या चढल्या. या वेळी मंजुरी कुणी मागितली नाही आणि उद्घाटनही झालं नाही. सकाळी मी खोली झाडली, आठ खाटा टाकल्या, दुपारी पहिली बाई आली. मी तिथं एकोणीस वर्षं काम केलं. त्या छपरानं कधी पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही असं म्हणणार नाही, पत्रे गळायचेच. पण कैच्या हलल्या नाहीत.

आबासाहेब पुढे दोनदा निवडून आले. सुमंतांना बढती मिळाली. गहिनीनाथाला मात्र बोर्डाचं एकही काम परत मिळालं नाही. शेजारच्या गावी शाळेचं छप्पर करायचं होतं, तिथल्या लोकांनी त्यालाच बोलावलं होतं. तो मापं घेऊन आला, नकाशा काढून बसला, आणि कचेरीतून निरोप आला की प्लायवूड चालणार नाही आणि हा सुतारही चालणार नाही. त्या शाळेवर महागाचं सागवान चढलं. त्यासाठी मुलं दोन वर्षं झाडाखाली बसली.

त्याच्यावरचा ठपका पुसावा म्हणून मी बोर्डाला तिसऱ्यांदा अर्ज लिहायला घेतला तेव्हा त्यानं मला अडवलं.

"नगं बाई. माझं चालतंय. गाड्यांची चाकं हायत, रुमणी हायत."

"तुमचं चालतंय म्हणून त्यांचं खोटं चालू द्यायचं?" मी विचारलं.

त्यानं थोडा विचार केला. मग पेटीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सहाही कैच्यांची मापं होती, सांध्याच्या पट्टीची लांबी-रुंदी, खिळे किती आणि कुठे, आणि ताव उकळून कसा पारखायचा ते. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण आकडे स्वच्छ होते.

"मग ह्ये बी जोडा अर्जाला," तो म्हणाला. "माझं नाव न्हाई लिवलं तरी चालंल. कैची कशी करायची त्ये तरी कुनाला कळू दे."

मी त्याचं नाव लिहिलं. गाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आणि अर्ज त्याच दिवशी टपालात टाकला.